रस्त्याच्या पोटात

आवडी हे नाव मराठी कानाला मोठे गोड लागते. बदलीचा हुकूम हाती पडला त्या दिवशी घरच्या मंडळींनी या नावावर केलेल्या कोट्या आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात असतील. वस्तुतः या तमिळ गावाच्या नावाचा आपल्या आवडीनिवडीशी काहीही संबंध नाही. लष्कराच्या चिलखती गाड्यांच्या डेपोचे इंग्रजी नाव घेऊन त्याची आद्याक्षरे जुळवली आणि त्यातून गावाचे नाव निघाले, अशी जी एक व्युत्पत्ती येथे मोठ्या आग्रहाने सांगितली जाते तीही पटण्यासारखी नाही; कारण गाव आधीचे आणि डेपो नंतरचा. परंतु ही दंतकथा प्रचारात यावी यात एक अर्थ आहे. आवडी आज जी आहे ती बाहेरून आलेल्या कामांनी घडलेली आहे, हे लोकांनी आपल्या परीने ओळखले आहे.

१ जुलै १८५६ रोजी रोयापुरम ते वालाजा रोड ही दक्षिणेतील पहिली आगगाडी सुरू झाली, ती याच बाजूने गेली. मुंबई–ठाणे गाडीनंतर अवघ्या तीन वर्षांनी. आजही चेन्नईहून मुंबईकडे निघालेल्या गाड्या याच मार्गाने धडधडत पुढे जातात आणि दिवाळीच्या आधी त्यांचा आवाज आपणांस जरा अधिक ऐकू येतो, हे जाता जाता. दुसऱ्या महायुद्धात येथे मोठा लष्करी तळ पडला. जानेवारी १९५५ मध्ये ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाल्यामुळे आवडीचे नाव देशभर गेले. १९६१ साली जड वाहनांचा कारखाना आला. १९६५ मध्ये पहिला विजयंत रणगाडा त्यातून बाहेर पडला. २०२१ साली आयुध कारखान्यांची पुनर्रचना होऊन त्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्यालय आवडीतच आहे. २०१९ साली गावाची महानगरपालिकाही झाली.

या सगळ्या घडामोडींचा भार ज्याने वाहिला तो चेन्नई–तिरुवळ्ळूर रस्ता मात्र कोणी एकदा बसून आखलेला नाही. मुळात तो तिरुवळ्ळूर आणि तिरुपतीकडे जाणारा मार्ग. पुढे लष्कर आले, कारखाने आले, वसाहती आल्या, दुकाने आली आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने त्याच्या अंगावर हक्क सांगितला. तिरुपतीची बस, मालाने लादलेली लॉरी, शाळेची रिक्षा आणि पाळी सुटल्यावर कारखान्याच्या दरवाजातून बाहेर पडणारा, पूर्वी सायकलींचा व आता बहुतांशी मोटारसायकलींचा लोंढा, ही सर्व वाहतूक त्याच एका पट्ट्यावरून चालते. जे अजून सायकलवर आहेत त्यांना नियमाने डावी कड मिळते, आणि डावीकडेच बस थांबते, गटाराचे झाकण असते, खोदलेला चर असतो.

२०२५ साली चेन्नई मेट्रोने कोयंबेडू ते पट्टाभिराम या मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल राज्य शासनास सादर केला. लांबी सुमारे २२ किलोमीटर, स्थानके १९, मार्ग खांबांवरून जाणारा, आणि अंबत्तूरपासून पुढे तो बव्हंशी याच रस्त्याला धरून आवडी गाठणारा. प्रत्यक्ष काम केव्हा सुरू होईल ते मंजुऱ्यांवर आणि पैशावर अवलंबून. त्या वाटचालीचा अनुभव आपणां सर्वांस आहेच. परंतु खांब उभे करावयाचे म्हणजे रस्ता उघडावा लागणार. शहराचा रस्ता एकदा पुरता उघडण्याची संधी पन्नास-पाऊणशे वर्षांतून एकदा येते. ती आल्यावर आपल्या पूर्वजांनी आणि समकालीनांनी तिचे काय केले, याचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे.

पुण्यापासून आरंभ करणे आपल्या वाचकांस रुचेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव भुयारी नळाने शहरात आणले गेले. या कामातील खरी बुद्धिमत्ता पाणी आणण्यात जितकी आहे तितकीच ते नळ पुढे सांभाळता येतील अशी सोय करण्यात आहे. ठराविक अंतरावर जमिनीतून वर निघालेले उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि माणूस आत उतरून गाळही काढू शके. जागोजागी हौद होते: सदाशिव पेठेतला हौद, काळा हौद, बदामी हौद. नळ तुंबला म्हणून पेठेतला रस्ता फोडण्याचे कारण नव्हते. आजच्या आपल्या भाषेत सांगावयाचे तर ‘मॅनहोल’ची कल्पना पुण्यात तेव्हाच रूढ झाली होती, पुढच्या पिढ्यांना तिचा विसर पडला, एवढेच. मी शाळेत असताना पुण्याच्या इतिहासात लढाया पुष्कळ शिकलो, उच्छ्वास हा शब्द मात्र कोणी शिकविला नाही.

याच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लंडनमध्ये जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने थेम्सच्या काठी जो व्हिक्टोरिया बंधारा बांधला, तो १८७० साली रहदारीस खुला झाला. वर प्रशस्त रस्ता आणि झाडे, खाली शहराचे मैलापाणी वाहून नेणारा मोठा नळ, त्याच्या जोडीला गॅस व पाण्याच्या नळांसाठी माणूस चालू शकेल असे भुयार, आणि त्याच पोटातून भुयारी आगगाडी. एका खोदाईत चार कामे. हे एका माणसाच्या प्रतिभेने झाले असे सांगण्याची पद्धत आहे. मला मात्र त्यात दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १८५५ च्या कायद्याने लंडनसाठी एकच महानगर मंडळ स्थापन झाले होते आणि बॅझलगेट त्याचा मुख्य अभियंता होता. बंधारा, त्यातले भुयार आणि मैलापाण्याचा नळ त्याच्याच हाती होते. रेल्वेची कंपनी निराळी होती, पण तिलाही त्याच्याशी जुळवून घेऊनच आपला मार्ग बांधावा लागला. अनेक टेबलांवरून फिरणारी फाईल ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

मुंबईला अशी संधी एका भयंकर आपत्तीने दिली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला, आणि १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्टचा कायदा झाला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, ही त्या वेळची समजूत. पश्चिमेचा समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा यासाठी पश्चिम-पूर्व असे रुंद रस्ते काढण्यात आले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतले ठळक. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे शास्त्र पुढे सिद्ध झाले, म्हणजे कारण चुकीचे ठरले. पण रस्ते राहिले, त्यांच्याखालची गटारे राहिली, त्यांवरून पुढे ट्राम धावल्या. या सुधारणेची किंमत कोणी दिली हेही विसरू नये. जी घरे पाडली गेली त्यांतल्या माणसांना पुरेशा जागा वेळेवर मिळाल्या नाहीत, बी.आय.टी. चाळी उभ्या राहिल्या, परंतु उखडले गेलेले आणि वसविले गेलेले यांचा हिशेब कधीच जुळला नाही. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. गिरगावकर मंडळी सँडहर्स्ट रोडविषयी अभिमानाने बोलतात तेव्हा त्या घरांची आठवण कोणास होत नाही.

आता ज्या शहरात आपण अन्न खातो त्याच्याकडे वळू. ७ मे १८९५ रोजी मद्रासेत विजेची ट्राम सुरू झाली. भारतातली ही पहिली. मुंबईची विजेची ट्राम बरोबर बारा वर्षांनी, १९०७ च्या त्याच ७ मे रोजी आली. त्यापूर्वी तेथे घोड्यांची होती. मद्रासच्या ट्रामला वीज पुरवण्याची आरंभीची पद्धत मोठी लक्षणीय होती. डोक्यावर तारांचे जाळे नको म्हणून विद्युत्‌वाहक रस्त्याखालच्या चरातून नेला होता आणि गाडी खालून वीज घेत असे. रस्ता वरून स्वच्छ दिसे. पण ईशान्य मोसमी पाऊस कोसळला की त्या चरांत पाणी भरे आणि सारेच ठप्प होई. अखेर तारा डोक्यावर न्याव्या लागल्या. या सपाट, समुद्रकाठच्या शहरात जमिनीखाली काहीही ठेवावयाचे तर आधी पाण्याची परवानगी घ्यावी लागते, हा धडा त्या कंपनीने पदरचे पैसे खर्चून शिकला. १२ एप्रिल १९५३ रोजी ट्राम कायमची बंद पडली, आणि तिच्याबरोबर बहुधा तो धडाही मोडीत निघाला. कारण तोच पुन्हा शिकण्याची पाळी याच शहराच्या एका नामांकित रस्त्यावर आली.

तो रस्ता म्हणजे त्यागराय नगरातला त्यागराय रोड, आपल्या गृहिणींच्या भाषेत पाँडी बाजार. सणासुदीची खरेदी करावयास आवडीहून लोकल आणि बस पालटत तेथे न गेलेले मराठी कुटुंब विरळा. त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या ध्यानात येते की आपण एका तलावाच्या तळावर उभे आहोत. शहराच्या पश्चिमेस मैलोगणती पसरलेला ‘लाँग टँक’ नावाचा तलाव होता. १९२० नंतरच्या काही वर्षांत तो आटवून तेथे नवी वसाहत आखण्यात आली. ते जस्टिस पक्षाच्या सत्तेचे दिवस. मद्रास महापालिकेचे अध्यक्ष राहिलेले पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव वसाहतीला, मुख्यमंत्री असलेल्या पनगलच्या राजांचे नाव बागेला, आणि इतर पुढाऱ्यांची नावे रस्त्यांना मिळाली. आखणी चांगली होती: मध्यभागी बाग, तिच्यातून फुटणारे रस्ते, दुतर्फा झाडे. हळूहळू घरांची दुकाने झाली, दुकानांपुढे फेरीवाले बसले, फेरीवाल्यांपुढे मोटारी उभ्या राहिल्या, आणि चालणारा माणूस ज्या कारणासाठी तेथे येई ते साधण्यासाठी त्याला मोटारींमधून वाट काढावी लागू लागली.

२०१३ साली फेरीवाल्यांना पालिकेने बांधलेल्या इमारतीत हलविण्यात आले. त्यांच्या धंद्याचे त्यानंतर काय झाले हा निराळ्या लेखाचा विषय आहे. २०१४ साली चेन्नई महापालिकेने पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. भारतातील शहरांत असे धोरण करण्याचा पहिला मान या शहराकडे जातो. आणि १३ नोव्हेंबर २०१९ रोजी पनगल बागेपासून निघणारा, जेमतेम पाऊण किलोमीटरचा हा तुकडा नव्या रूपात लोकांना देण्यात आला. सुमारे ४० कोटी रुपये खर्चून मोटारींची वाट आवळली, पदपथ रुंद केले, जुनी झाडे सांभाळली, बसावयास बाके दिली. वृद्ध माणसे संध्याकाळी तेथे नुसती बसलेली दिसू लागली. ज्याने पूर्वीचा पाँडी बाजार पाहिला आहे त्यालाच या दृश्याची अपूर्वाई कळेल. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही तेथे दुकानांपुढून जाता येऊ लागले. हे यश खरे आहे आणि ते नाकारणे कद्रूपणाचे होईल.

परंतु दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ च्या पावसात त्यागराय नगर पाण्याखाली गेले. दिवसच्या दिवस पाणी ओसरेना. मांबलमच्या कालव्यात चाललेल्या सुधारणेच्याच कामाचा राडारोडा पडून प्रवाह अडला, असा बोभाटा झाला. आणि २०२२ साली राज्य शासनाने या भागातील ‘स्मार्ट सिटी’ कामांच्या चौकशीसाठी एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली. दोष कोणाचा याचा निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच नोंदवावयाचे की आटवलेल्या तलावाचे पाणी दर पावसाळ्यात आपल्या जुन्या जागी परत येते. त्याला वाट द्यावयाची ती पदपथाच्या फरशीच्या आधी द्यावी लागते, फरशी बसल्यानंतर नव्हे. वरचा पाऊण किलोमीटर सजवला. पाण्याची वाट मात्र कित्येक किलोमीटरची होती, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या कागदांत होती.

या उलट चालीचे एक उदाहरण पुन्हा पुण्याचेच आहे. डेक्कन जिमखान्याहून शिवाजीनगराकडे जाणारा, पाताळेश्वराची लेणी आणि बालगंधर्व रंगमंदिर यांच्या अंगावरून जाणारा जंगली महाराज रस्ता. १९७० नंतरच्या दशकात, दर पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होण्यास पुणेकर कंटाळले असता, त्या वेळचे नगरसेवक श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने ‘रेकॉन्डो’ नावाच्या कंपनीस हे काम देण्यात आले. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली. तो रस्ता दहा नव्हे, जवळजवळ चाळीस वर्षे खड्ड्यांवाचून टिकला, ही गोष्ट पुण्यात आता पुराणकथेसारखी सांगितली जाते. गरम डांबर-खडीचे मिश्रण, योग्य उतार, पाण्याचा निचरा, यांत जादू काही नाही. मला त्या हमीचे नवल अधिक वाटते. जो दहा वर्षांची हमी लिहून देतो त्याला आपल्या कामाच्या खाली काय आहे आणि पाणी कोठून जाणार हे स्वतःच्या खिशासाठी पाहावेच लागते. एक वर्षाची हमी देणाऱ्याने ते पाहण्याचे कारण नसते. आणखी एक गोष्ट त्या कथेतच सांगितली जाते. असले काम करणाऱ्या त्या कंपनीला पुण्यात पुढे दुसरे काम मिळाले नाही. हे पुणेकरांचे विनोदबुद्धीचे बोलणे की सत्य, ते ज्याचे त्याने ठरवावे.

याच रस्त्याचा दुसरा जन्म २०१६ च्या सुमारास झाला. पुणे महापालिकेने त्या वर्षी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका आणि पादचारी धोरण स्वीकारले, आणि चाळीस वर्षांपूर्वी केवळ डांबरासाठी गाजलेला हा रस्ता आता माणसांसाठी नव्याने बांधण्यास घेतला. रुंद पदपथ, मुलांना खेळण्याजोगे कोपरे, सायकलींसाठी निराळी पट्टी, मोटारी उभ्या करण्यास आखलेल्या जागा. डिसेंबर २०१७ मध्ये शहरासाठी सायकल आराखडाही मंजूर झाला. ज्या पुण्याची ओळखच एके काळी सायकलींचे शहर अशी होती, त्याला सायकलीसाठी आराखडा करावा लागावा यातली खिन्नता मागच्या पिढीला अधिक जाणवेल. त्याआधी, २००६ साली, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी राखीव वाट काढताना सायकलींचीही पट्टी आखली होती. ती पट्टी ठिकठिकाणी झाडाशी, खांबाशी, टपरीशी येऊन थांबे, आणि सायकलस्वार पुन्हा मोटारींत उतरे. तुटक पट्टी सायकलस्वाराच्या फारशी कामाची नसते. माणूस दारापासून दारापर्यंत जातो. मधल्या सुरक्षित तुकड्यावर तो राहावयास जात नाही.

ही गोष्ट डच लोकांनी फार मोठी किंमत देऊन जाणली. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलांचे खून थांबवा, अशा अर्थाच्या नावाची चळवळ तेथील आईबापांनी उभारली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि सायकलींच्या सलग वाटा घालण्याचे धोरण सरकारने हाती घेतले. त्या देशात सायकल पूर्वापार होतीच, पण मोटारींपुढे ती हटत चालली होती. आज दिसते ते दृश्य भांडून परत मिळविलेले आहे. तेथील आणखी एक साधी रीत मला फार आवडते. वस्तीतल्या रस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी वाळूच्या थरावर विटा बसवितात. खालची तार वा नळ दुरुस्त करावयाचा तर विटा उचलाव्यात, काम करावे, त्याच विटा पुन्हा बसवाव्यात. तेथील विटांचा रस्ता म्हणजे आमच्या उच्छ्वासाचा चुलतभाऊच म्हणावयाचा.

आपल्याकडे नियम नव्हते असे कोणी समजू नये. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आहे (आवडीच्या काँग्रेसशी तिचा संबंध नाही). सायकलींच्या पट्ट्या कशा आखाव्यात याची तिची शिफारस १९६२ ची आहे, म्हणजे आवडीचा कारखाना पहिला रणगाडा बाहेर काढीत होता त्याच्याही आधीची. शहरांतील रस्त्यांखाली नळ आणि तारा कोठे, किती खोल, कोणत्या क्रमाने ठेवाव्यात याचीही तिची स्वतंत्र संहिता आहे. दोन्ही कागद वाचले तर त्यांत दोष काढण्यासारखे थोडे सापडेल. पण त्या शिफारशी आहेत, आणि शिफारस म्हणजे काय हे कारकुनाइतके कोणास ठाऊक असणार? टिपणीच्या शेवटी ‘अवलोकनार्थ सादर’ असे लिहून ती पुढे जाते, अवलोकन होते, आणि ती परत येते.

आवडीच्या रस्त्यावर मेट्रोचा पहिला खांब उभा राहण्यापूर्वी एक काम करावेच लागेल. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ते आरंभीच असते: खांबांच्या वाटेतील पाण्याचे नळ, मैलापाण्याचे नळ, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा बाजूला हलविणे. वृत्तपत्रांत या कामाचा फोटो येत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि सामान्यतः ते त्या त्या खात्याकडे सोपवून घाईने उरकले जाते. ‘हलविणे’ हा शब्दच असा की त्यात जुने आहे तसे उचलून शेजारी ठेवण्यापलीकडे काही अपेक्षित नसते. पण नळ आणि तारा जेथे हलवून ठेवतील तेथे पुढची पन्नास वर्षे रस्ता खोदला जाणार, आणि पदपथ व सायकलींची पट्टी यांना जी जागा उरेल ती त्यावरूनच ठरणार. पट्टाभिरामच्या तळ्याकडून येणारे पाणी कोठून जाईल, गटार पदपथाखाली असेल की सायकलींच्या वाटेत, स्थानकाचा जिना पदपथ गिळून उतरेल की मागे सरून, स्थानकापाशी सायकल ठेवावयास जागा असेल की ती फक्त मोटारींस मिळेल, कारखान्याच्या दरवाजापासून स्थानकापर्यंतची वाट सलग असेल की चार ठिकाणी तुटलेली, या सर्व प्रश्नांची उत्तरे खांब दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, त्याच नळ हलविण्याच्या नकाशावर लिहिली जातील.

तो नकाशा तयार होईल तेव्हा आपल्यापैकी काहींची बदली झालेली असेल. जे येथे असतील त्यांनी हरकती व सूचना मागविणारी जाहिरात शेवटच्या पानावर शोधावी.